आधी ता.क., मग बाकीचं पत्र

एका वाचकाचं पत्र असं आहे:

"मी यंत्रांचे सुटे भाग आयात करून विकतो. धंदा लहान, पण महिन्यातून सात-आठ वेळा परदेशात पैसे पाठवावे लागतात. एका जुन्या पुरवठादाराला दर महिन्याला युरोमध्ये. वेगवेगळ्या देशांत बसून माझं ड्रॉइंगचं आणि वेबसाइटचं काम करणाऱ्या पाच जणांना लहान रकमा. शिवाय आता एका नव्या कंपनीकडून मोठं यंत्र घ्यायचं आहे. ते ४० टक्के आगाऊ मागतात आणि उरलेले पैसे माल जहाजावर चढण्याआधी. बँकेतला माणूस म्हणतो, सगळं टीटीनेच, म्हणजे बँकेतून थेट परदेशातल्या खात्यावर पाठवूनच करा. भाचा म्हणतो, ॲप वापरा, बँका लुटतात. मागच्या महिन्यात १२,००० युरो पाठवले, तर पुरवठादाराला ११,९५८ च मिळाले आणि त्या ४२ युरोंसाठी त्याने पुढचा माल अडवून धरला. सगळ्यात चांगली पद्धत कोणती ते एकच सांगा.

ता.क. त्याच पुरवठादाराने खातं बदललंय, तसा मेल आलाय. पुढचे पैसे नव्या खात्यावर टाकायचे आहेत, म्हणून उत्तराची जरा घाई आहे."

तुमचं पत्र मी खालून वर वाचते आहे. सगळ्यात महागडी ओळ तुम्ही ताजा कलमात टाकली आहे.

त्या नव्या खात्यावर अजून एकही युरो पाठवू नका. आधी फोन लावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, गेल्या वर्षीच्या इन्व्हॉइसवर किंवा तुमच्या वहीत जो जुना नंबर असेल त्यावर लावा, आणि ज्याच्याशी तुम्ही नेहमी बोलता त्याच माणसाशी बोला. मेलला उत्तर देऊन "खरंच बदललं का?" असं विचारण्यात अर्थ नाही. मेलपेटीत चोर बसला असेल तर उत्तरही तोच देईल.

ही फसवणूक अशी चालते. कुणीतरी तुमच्या किंवा पुरवठादाराच्या मेलमध्ये शिरतं आणि कित्येक आठवडे नुसतं वाचत राहतं. कुणाचं बिल कधी निघतं, कोण कुणाला काय नावाने हाक मारतं, सगळं त्याला पाठ होतं. मग नेमक्या दिवशी इन्व्हॉइस येतं. तेच बोधचिन्ह, तीच सही, रकमेत एका पैशाचा फरक नाही, फक्त खालचं खातं दुसरं. सोबत कारणही दिलेलं असतं: जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे, बँक बदलली आहे, वगैरे. आणि घाई तर असतेच.

एक तपासणी तुम्हाला बसल्या जागी करता येईल. आयबॅन म्हणजे युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. जुना आयबॅन आणि नवा आयबॅन शेजारी ठेवून बघा. कंपनी एका देशात आणि नवं खातं भलत्याच देशात असेल तर काय समजायचं ते समजा. पण अक्षरं तीच आहेत म्हणून निर्धास्तही होऊ नका. आयबॅनमधले पुढचे दोन अंक पडताळणीचे असतात. त्यांच्यामुळे टायपिंगची चूक पकडली जाते, खात्याचा मालक कोण ते कळत नाही. चोराचा आयबॅनही बिनचूकच असतो.

"मी तर कंपनीचंच नाव लिहिणार आहे, नाव जुळलं नाही तर पैसे परत येतील" असं तुमच्या मनात असेल, तर तेही काढून टाका. कित्येक ठिकाणी पैसे नुसत्या खाते क्रमांकावर जमा होतात. नाव ताडून बघण्याची सोय ब्रिटनमध्ये २०२० पासून सुरू झाली आणि युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ती ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली. ती मुख्यतः त्यांच्या अंतर्गत व्यवहारांसाठी आहे. दुसऱ्या टोकाहून आलेल्या टीटीला तिचा आधार मिळेलच असं धरून चालू नका. आणि पैसे गेलेच, तर त्याच तासाला बँकेला कळवा. परत मागवण्याचा निरोप बँक पाठवते, पण जमा झालेले पैसे परत द्यायला सहसा खातेदाराची संमती लागते. चोर ती कशाला देईल?

याबाबतीत मोठेही सुटले नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावाने न्यूयॉर्कमधल्या फेडरल रिझर्व्ह बँकेला खोट्या सूचना गेल्या. आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी मात्र अडले. चोरांनी 'फाउंडेशन' हा शब्द 'फँडेशन' असा लिहिला आणि मधल्या बँकेतल्या कुणाला तरी तो खटकला.

तेव्हा फोन झाला असं धरून पुढे जाते.

आता त्या ४२ युरोंचं. त्यासाठी टीटी म्हणजे काय ते थोडं बघू. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तार कधीच गेली, नाव चिकटून राहिलं. तारेनंतर टेलेक्स आला आणि त्यानंतर स्विफ्ट. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये ही संस्था काढली, आणि १९७७ मध्ये तिचे संदेश सुरू झाले. लक्षात ठेवायचं ते एवढंच की स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, निरोप जातो. तुमच्या बँकेचं परदेशातल्या एखाद्या मोठ्या बँकेत खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात. निरोप पोचला की त्या खात्यातून रक्कम वजा होते आणि पुढच्या बँकेच्या खात्यात जमा होते. तुमच्या आणि पुरवठादाराच्या बँकांची थेट ओळख नसेल, तर मध्ये एक, कधी दोन बँका येतात. यातली प्रत्येक बँक आपला हात ओला करून घेते.

हा खर्च कुणी सोसायचा, याचा एक रकाना फॉर्मवर असतो. बहुतेक लोक तो न वाचताच पुढे जातात. 'अवर' लिहिलं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. 'बेन' म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. 'शा' म्हणजे आपापला, म्हणजे तुमच्या बँकेचा तुम्ही द्यायचा आणि वाटेतला नि तिकडचा रकमेतून कापला जायचा. तुमच्या फॉर्मवर बहुधा 'शा' होतं. बँकेने काही न विचारताच ते धरलेलं असतं. पुढच्या वेळी 'अवर' मागा, चार पैसे जास्त जातील. तरीही, विशेषतः डॉलरच्या व्यवहारात, वाटेतली एखादी बँक किंवा घेणाऱ्याची बँक कापायची ती कापतेच. म्हणून पूर्ण रकमेची हमी मिळते का, तेही विचारा. काही बँका जादा शुल्क घेऊन ती देतात. आणि पुरवठादाराला लिहून टाका की 'वाटेतली बँक जे कापेल ते पुढच्या बिलात जोडून देऊ, तुमच्या बँकेचा जमा-तपशील पाठवा'. ४२ युरोंसाठी माल अडवणारा माणूस जरा तिरसटच दिसतो. पण त्याचंही बरोबर आहे. त्याच्या हिशेबनीसाला ते बिल बंद करता येत नाही.

मात्र ४२ युरो दिसले म्हणून भांडण झालं. जे दिसत नाहीत त्यांचं काय? बँक तुम्हाला चलन विकते ते बाजारभावाने नाही. बाजारातला मधला भाव आणि तुम्हाला लावलेला भाव यांत फरक असतो आणि तोच तिचा नफा. हा फरक दीड टक्का असेल तर १२,००० युरोंवर १८० युरो गेले, तेही पावतीवर 'शुल्क' या नावाखाली नाहीच. 'शून्य कमिशन'च्या पाटीखाली तर हा भाव हमखास तपासावा. बँकेत किंवा ॲपवर, कुठेही, एकच प्रश्न विचारा: आत्ता, या मिनिटाला, माझ्या खात्यातून एकूण किती जाणार आणि त्याच्या खात्यात नेमके किती पडणार? हे दोन आकडे दोन ठिकाणांहून घेऊन शेजारी लिहा. शुल्काचे तक्ते वाचत बसायची मग गरज नाही. आणि एक सांगते, नियमित पाठवणाऱ्या गिऱ्हाईकाला शाखेच्या अधिकाऱ्याशी भावावर घासाघीस करता येते. मी परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं बसले. ज्यांनी विचारलं त्यांना थोडा तरी बरा भाव मिळाला. न विचारणाऱ्यांना फलकावरचा भाव लागला. त्यांना कुणी बोलावून सांगितलं नाही, मीही नाही.

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. ही ॲपं स्वस्त का पडतात ते बघा. त्यांची दोन्ही देशांत खाती असतात. तुम्ही इकडच्या खात्यात इकडचं चलन भरता, ते तिकडच्या खात्यातून तिकडचं चलन देतात. तुमच्यापुरता पैसा सीमा ओलांडतच नाही, मधल्या बँकांची रांगही लागत नाही. युरोच्या बाबतीत हे फार सोयीचं आहे, कारण तिकडे बँकांमधून युरो पाठवण्याची सेपा नावाची सामायिक व्यवस्था आहे. तिच्या नियमाप्रमाणे रक्कम वाटेत न कापता पूर्ण पोचवावी लागते. तिचा तत्काळ प्रकार तर दहा सेकंदांत पैसे पोचवतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तुमच्या जुन्या पुरवठादाराला दरमहा जाणारी ठरलेली रक्कम या वाटेने गेली तर ४२ युरोंचं प्रकरणच संपतं.

पण आधी चार गोष्टी बघून घ्या. पहिली, तुमच्या देशाच्या परकीय चलन नियमांत आयातीचे पैसे अशा सेवेतून पाठवायला परवानगी आहे का, आणि कस्टम व कर खात्यापुढे चालेल असा पुरावा ती देते का. नसेल तर विषय संपला, स्वस्ताईला काय चाटायचं? दुसरी, घेणाऱ्याच्या पासबुकात कधीकधी तुमच्याऐवजी त्या सेवेचं नाव उमटतं. त्या तिरसट पुरवठादाराला आधी सांगून ठेवा, नाहीतर 'पैसे आलेच नाहीत' म्हणून पुन्हा माल अडेल. तिसरी, रकमेवर मर्यादा असतात, आणि नेहमीपेक्षा मोठी रक्कम दिसली की व्यवहार तपासणीसाठी थांबवतात. अशा वेळी समोर बसून बोलायला माणूस नसतो, गप्पांची खिडकी असते. चौथी, तिथल्या खात्यात धंद्याचं भांडवल साठवू नका. बऱ्याच देशांत असे पैसे वेगळे राखून ठेवायचं बंधन असतं, पण बँकेतल्या ठेवीसारखा विमा त्यांना नसतो.

ड्रॉइंग आणि वेबसाइटवाल्या पाच जणांसाठी फार विचार करू नका. लहान रकमेवर टीटीचं ठरावीक शुल्क म्हणजे नाकापेक्षा मोती जड. नियमात बसत असेल तर ॲपच वापरा. नसेल बसत, तर दोन-तीन महिन्यांचं एकत्र बिल घ्यायला त्यांची तयारी आहे का विचारा. कामाचे पैसे थकवून मात्र शुल्क वाचवू नका.

यंत्राची गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या पत्रातला खरा पेच तोच आहे. तुम्ही विचारता पद्धत, पण सवाल आधी कुणी द्यायचं हा आहे. ४० टक्के आगाऊ आणि ६० टक्के माल चढण्याआधी, म्हणजे माल डोळ्यांनी दिसण्यापूर्वी १०० टक्के पैसे गेलेले. टीटीने पाठवा नाहीतर ॲपने, धोका तेवढाच. 'आधी कोण' या प्रश्नावर बँकासुद्धा होरपळल्या आहेत. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतली हेरस्टाट बँक तिथल्या कामकाजाच्या दिवसाअखेर बंद करण्यात आली. ज्या बँकांनी तिला सकाळीच मार्क, म्हणजे तेव्हाचं जर्मन चलन, दिले होते, त्या बदल्यात मिळायच्या डॉलरची वाट बघत राहिल्या, कारण न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अजून व्यवहार उरकायचे होते. काही तासांच्या अंतराने केवढी उलथापालथ झाली! तुमच्या यंत्रात तर काही महिन्यांचं अंतर आहे.

यासाठी एलसी आहे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, मराठीत पतपत्र. तुमची बँक विक्रेत्याला वचन देते की ठरलेली कागदपत्रं ठरलेल्या मुदतीत आणून दिलीस तर पैसे देऊ. ही हमी तुमची नसून बँकेची असते, म्हणून विक्रेता निश्चिंत. आणि माल जहाजावर चढल्याचा कागद आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणून तुम्हीही बरेचसे निश्चिंत. यासाठी जगभर यूसीपी ६०० हे नियम वापरतात. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्याखाली काढलेलं पतपत्र एकतर्फी रद्द करता येत नाही.

'बरेचसे' असं मी मुद्दाम लिहिलं. बँक कागद बघते, खोकं उघडत नाही. कागद चोख असतील आणि खोक्यात भंगार असेल, तरी बँक पैसे देणार. म्हणून हव्या असलेल्या कागदांच्या यादीत एका स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला घाला. यंत्र चालवून बघितलं, अनुक्रमांक जुळला, पॅकिंग समोर झालं, असा. हा एक कागद त्या यादीतला सगळ्यात मोलाचा. उलट बाजूने, यादी भारंभार वाढवू नका आणि मालाचं वर्णन कादंबरीसारखं लिहू नका. कागद तपासायला बँकेला कामकाजाचे पाच दिवस मिळतात आणि बारीक विसंगतीही चालत नाही. माझ्या टेबलावर एकदा एक प्रकरण आलं होतं. पतपत्रात मालाचं वर्णन लांबलचक होतं, इन्व्हॉइसमध्ये त्यातला एक तांत्रिक शब्द गळला. माल बंदरात पोचलेला, दोन्ही पक्ष राजी, तरी संमतीच्या पत्रव्यवहारात दिवसांमागून दिवस गेले आणि बंदरातलं भाडं चढत राहिलं. ते वर्णन मीच मंजूर केलं होतं.

मग ४० टक्के आगाऊचं काय? यंत्र बनवणाऱ्याला कच्च्या मालासाठी पैसे लागतात, मागणी रास्त आहे. प्रमाण कमी करून घ्या आणि जे द्याल त्याच्या बदल्यात त्याच्या बँकेची आगाऊ रकमेची हमी मागा. माल आला नाही तर ती बँक तेवढे पैसे परत देईल. उरलेली रक्कम पतपत्राने द्या. "आम्ही हमी देत नाही, एलसी घेत नाही, फक्त टीटी" असं नवी कंपनी म्हणाली, तर तेच तुमचं उत्तर समजा आणि दुसरी कंपनी शोधा.

मधली एक वाट आहे, कलेक्शनची. विक्रेता जहाजाची कागदपत्रं बँकेमार्फत पाठवतो आणि तुम्ही पैसे भरल्यावर बँक ती तुमच्या हाती देते. पतपत्रापेक्षा हे बरंच स्वस्त, पण यात बँक फक्त टपालवाल्याचं काम करते, हमी कुणाचीच नाही. आणि हे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला शोभतं. तिथे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती, हातात असल्याशिवाय माल सुटत नाही. विमानाने येणाऱ्या मालाच्या एअरवे बिलाला तशी मालकीची ताकद नसते. जुन्या पुरवठादाराशी व्यवहार वाढला आणि एकेक खेप मोठी झाली, तर तेव्हा याचा विचार करा. नव्या यंत्रासाठी आत्ता नको.

यंत्राची किंमत परकीय चलनात ठरली असेल आणि माल चार-सहा महिन्यांनी निघणार असेल, तर बँकेला फॉरवर्डचा भाव विचारा. पुढच्या तारखेचा भाव आजच बांधून मिळतो. चलन पुढे स्वस्त झालं तर हळहळ वाटेल, पण तुम्ही सुटे भाग विकता, चलनाचा सट्टा खेळत नाही.

फॉर्म भरताना 'तपशील' या जागी नुसतं 'पेमेंट' लिहू नका. इन्व्हॉइस क्रमांक, तारीख आणि मालाचं साधं नाव लिहा. प्रत्येक बँक निर्बंध घातलेल्या व्यक्ती-कंपन्यांच्या याद्यांशी नावं ताडून बघते आणि मोघम मजकूर दिसला की व्यवहार बाजूला काढून प्रश्न विचारते. पत्ताही शहर आणि देश वेगळ्या रकान्यात, असा नीट भरा. स्विफ्टवर आता आयएसओ २००२२ हे नवं संदेश-रूप आलं आहे आणि नोव्हेंबर २०२६ पासून एकाच ओळीत कोंबलेले पत्ते त्यात चालणार नाहीत. तिकडचा सुट्टीचा दिवस आणि तुमच्या बँकेची कट-ऑफ वेळ, म्हणजे त्या दिवशीचे व्यवहार घेण्याची शेवटची वेळ, बघूनच पाठवा. आणि पैसे वाटेत अडकले तर शाखेत "बघतो, कळवतो" एवढ्यावर परतू नका. प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला ३६ अक्षरांचा एक मागोवा क्रमांक असतो, त्याला यूईटीआर म्हणतात. तो मागून घ्या. त्यावरून सध्या कोणत्या बँकेने पैसे धरून ठेवले आहेत, ते बहुतेक वेळा कळतं.

यंत्राचा प्रोफॉर्मा, म्हणजे विक्रीआधीचं कच्चं बिल, आला की पैशांच्या अटींचं पान मला पाठवा, बाकीची पानं नकोत. आणि त्या जुन्या नंबरवर फोन केल्यावर खातं खरंच बदललंय की नाही, ते दोन ओळींत आजच कळवा.